डेर, डी, डास आणि आपले तो, ती, ते

जर्मन भाषेत चमचा पुल्लिंगी आहे, काटा स्त्रीलिंगी आणि सुरी नपुंसकलिंगी. डेर ल्योफेल, डी गाबेल, डास मेसर. एकाच ताटाशेजारी मांडलेल्या तीन वस्तूंना तीन लिंगे का, या प्रश्नाने जर्मन शिकणाऱ्यांच्या कित्येक पिढ्या कावलेल्या आहेत. मार्क ट्वेनने 1880 सालच्या ‘अ ट्रॅम्प अब्रॉड’ या प्रवासवर्णनाला एक परिशिष्ट जोडले आणि त्यात या भाषेची यथेच्छ टर उडवली. ज्या भाषेत सलगमाला स्त्रीत्व आहे आणि तरुण मुलीला नाही, त्या भाषेबद्दल काय बोलावे, असा त्याचा एकूण सूर. इंग्रजी माणसाने हसणे समजू शकते. त्याच्या भाषेतून निर्जीव वस्तूंचे लिंग शेकडो वर्षांपूर्वीच गळून पडले आहे.

आपण मात्र त्या हसण्यात सामील होण्यापूर्वी आपल्या जेवणाच्या पानाकडे एकदा बघावे. चमचा पुल्लिंगी, सुरी स्त्रीलिंगी आणि ज्याच्या शेजारी ती ठेवायची ते ताट नपुंसकलिंगी. पोळी ती, भात तो, वरण ते. वाचायला घेतले तर ग्रंथ तो, पोथी ती आणि पुस्तक ते. तिन्हींत छापलेलीच पाने. तरीही मराठी माणूस जर्मनच्या वर्गात पहिल्या आठवड्यात इंग्रजी माणसासारखाच वैतागतो. याचे कारण जर्मन भाषा आपण इंग्रजीच्या खिडकीतून शिकतो. ‘द’ या एका शब्दाला तीन पर्याय का, असा प्रश्न आपल्याला पडतो. तो मुळात आपला प्रश्नच नव्हे.

मी जर्मनकडे वळलो तो चाळिशी ओलांडल्यावर, आणि तेही ग्युंटर सोन्थायमर यांच्यामुळे. धनगरांच्या दैवतांवरचा त्यांचा ‘बिरोबा, म्हस्कोबा उंड खंडोबा’ हा ग्रंथ 1976 साली जर्मनमध्ये आला. इंग्रजी भाषांतर 1989 चे. आपल्याच माळरानावरच्या देवांविषयी एका माणसाने मूळात काय शब्द वापरले, हे पाहण्याची ओढ होती. कोणत्याही पदवीसाठी शिकत नसल्यामुळे मला घाई नव्हती, आणि वाटेत दिसेल त्या फाट्याला वळण्याची मुभा होती. लिंगविचार हा असाच एक फाटा. अलीकडे मात्र त्याला वेगळे वजन आले आहे. 2024 मध्ये महाराष्ट्र सरकार आणि जर्मनीतले बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्य यांच्यात कुशल मनुष्यबळाविषयी करार झाला आणि तालुक्याच्या गावांतही जर्मनचे वर्ग दिसू लागले. परिचर्येचा अभ्यासक्रम केलेल्या मुली माझ्याकडे शंका घेऊन येतात. परिचारिका म्हणून तिथे मान्यता हवी तर साधारणपणे बी-टू पातळीपर्यंतची भाषा लागते. त्यांची पहिली मागणी ठरलेली असते : “सर, नियम सांगा ना, पाठ करून टाकते.”

नियम आहेत का, हा वाद फार जुना आहे आणि तो आपल्याकडे झालेला आहे. पतंजलीच्या महाभाष्यात ‘स्त्रियाम्’ या पाणिनीच्या सूत्रावर मोठी चर्चा येते. स्त्री-पुरुषांची शारीरिक लक्षणे म्हणजेच लिंग, अशी व्याख्या प्रथम मांडली जाते आणि लगेच अडचण उभी राहते, की मग खट्वा म्हणजे खाट स्त्रीलिंगी आणि वृक्ष पुल्लिंगी कसा? खाटेला कोणते लक्षण आहे? शिवाय एकाच तीराला तटः, तटी आणि तटम् असे तिन्ही लिंगांत म्हणता येते. बायकोला भार्या म्हणावे तर स्त्रीलिंग, दार म्हणावे तर पुल्लिंग, कलत्र म्हणावे तर नपुंसकलिंग. पतंजलीने शेवटी जे म्हटले आहे त्याचा आशय असा, की लिंग हे लोकांच्या वापरावर आधारलेले आहे, ते व्याकरणाने शिकवण्याची गोष्ट नाही. या महाभाष्याची चिकित्सक आवृत्ती 1880 ते 1885 या काळात मुंबईहून तीन खंडांत प्रसिद्ध झाली. संपादक होते फ्रान्झ कीलहोर्न, पुण्याच्या डेक्कन कॉलेजात संस्कृत शिकवणारे जर्मन प्राध्यापक. डेर-डी-डासमध्ये वाढलेल्या त्या माणसाला या चर्चेत काहीच नवल वाटले नसावे, असा माझा तर्क आहे.

गंमत अशी, की ज्या परंपरेने ‘शिकवायची गोष्ट नाही’ म्हटले, तिनेच लिंगानुशासने रचली. अमरकोश पाठशाळांतून शतकानुशतके मुखोद्गत केला गेला, त्याचे मूळ नावच ‘नामलिंगानुशासन’. नामे आणि त्यांची लिंगे शिकवणारा ग्रंथ. म्हणजे लिंग लोकाश्रयी आहे हे खरे, पण ज्याला ते लोक शेजारी मिळाले नाहीत त्याला काहीतरी आधार द्यावाच लागतो.

जर्मनमध्ये हा आधार मुख्यतः शब्दाच्या शेपटात आहे. उंग, हाइट, काइट, शाफ्ट यांनी संपणारी साधित नामे स्त्रीलिंगी : डी त्साइटुंग म्हणजे वर्तमानपत्र, डी फ्राइहाइट म्हणजे स्वातंत्र्य, डी फ्रॉइंटशाफ्ट म्हणजे मैत्री. परभाषेतून आलेली ‘टेट’ आणि ‘इओन’ ही शेपटेही स्त्रीलिंगी, डी उनिव्हेर्झिटेट, डी नात्सिओन. ‘लिंग’ने संपणारी पुल्लिंगी, आणि हे मराठी मुलांना एकदा सांगितले की जन्मभर विसरत नाहीत. डेर लेअरलिंग म्हणजे उमेदवार, डेर श्मेटरलिंग म्हणजे फुलपाखरू. ‘इस्मुस’ पुल्लिंगी. ‘शेन’ आणि ‘लाइन’ हे लघुत्वदर्शक प्रत्यय नपुंसकलिंगी, क्रियापदाचे जसेच्या तसे नाम केले तर तेही नपुंसकलिंगी : डास एसेन, खाणे. इथे मराठी जर्मनच्या अगदी पावलावर पाऊल टाकते. खाणे, बोलणे, वागणे ही सगळी ‘ते’च. वार, महिने, ऋतू पुल्लिंगी. ‘ए’ने संपणारी बहुसंख्य नामे स्त्रीलिंगी, डी लांपे, डी ब्लूमे. पण चीज म्हणजे डेर केझे, नाव म्हणजे डेर नामे, डोळा म्हणजे डास आउगे आणि शेवट म्हणजे डास एंडे.

अपवाद आले की विद्यार्थ्यांचा चेहरा पडतो. मी त्यांना मराठीची आठवण देतो. आकारान्त पुल्लिंगी, ईकारान्त स्त्रीलिंगी, एकारान्त नपुंसकलिंगी : आंबा, चिमणी, केळे. मग शाळा आणि भाषा स्त्रीलिंगी का? पाणी, लोणी, दही नपुंसकलिंगी का? हत्ती आणि मोती पुल्लिंगी का? प्रत्येकाला ऐतिहासिक कारण आहे, पण ते कारण माहीत असल्यामुळे कोणी ‘थंड पाणी’ बरोबर वापरते असे नाही. नियम ढोबळ असतो, आणि अपवाद बहुधा रोजच्या वापरातले शब्द असतात. रोज कानावर पडतात म्हणूनच ते अपवाद म्हणून टिकतात.

खरी पंचाईत शेपूटच नसलेल्या शब्दांची. हूट म्हणजे टोपी पुल्लिंगी, फ्लूट म्हणजे भरती किंवा पूर स्त्रीलिंगी, ब्लूट म्हणजे रक्त नपुंसकलिंगी. तिन्हींचे यमक एक. याला मराठीत तंतोतंत उत्तर आहे : घाट तो, वाट ती, ताट ते. जगातला कोणताही वैयाकरण परदेशी विद्यार्थ्याला या तीन शब्दांची लिंगे आवाजावरून सांगू शकणार नाही. 1980 च्या दशकात क्लाउस-मिखाएल क्योपके आणि डेव्हिड झुबिन या दोन भाषाभ्यासकांनी जर्मनमधल्या अशा एकाक्षरी शब्दांचा बारकाईने अभ्यास केला आणि तिथेही पूर्ण अंदाधुंदी नाही असे दाखवले. उदाहरणार्थ, ‘क्न’ या जोडाक्षराने सुरू होणारे छोटे शब्द बहुतेक पुल्लिंगी निघतात, गुडघा म्हणजे डास क्नी तेवढा फटकून वागतो. जर्मन मुलाच्या कानात हे कल नकळत मुरत असणार. परक्याने ते पाठ करण्यात मात्र मला हशील दिसत नाही. इतक्या बारीक जाळ्याने मासे धरायला जावे तर आयुष्य जाळे विणण्यातच जायचे.

याच दोघांचे दुसरे एक निरीक्षण मला अधिक मोलाचे वाटते. जर्मनमध्ये वर्गवाचक शब्द नपुंसकलिंगाकडे झुकतात आणि त्या वर्गातल्या एकेका वस्तूची नावे पुल्लिंगी किंवा स्त्रीलिंगी असतात. डास टीअर म्हणजे प्राणी, डास ओब्स्ट म्हणजे फळफळावळ, डास गेम्युझे म्हणजे भाजीपाला, डास इन्स्ट्रुमेंट म्हणजे वाद्य. पण त्याखाली सफरचंद डेर आप्फेल, नासपती डी बिर्ने, कुत्रा डेर हुंट, मांजर डी कात्से. हे वाचल्यावर मी मराठी शब्द लिहून काढायला बसलो. फळ ते, पण आंबा तो आणि चिंच ती. झाड ते, पण वड तो आणि बाभूळ ती. वाद्य ते, पण तबला तो, वीणा ती. भांडे ते, पण तांब्या तो, कढई ती. जनावर, धान्य, हत्यार, वाहन, सगळी ‘ते’. हा काही लोखंडी नियम नव्हे. पक्षी आणि मासा तो आहेत, भाजी ती आहे, जर्मनमध्येही वनस्पती डी प्फ्लान्झे आहे. शिवाय आपले निम्मे शब्द संस्कृतातून लिंगासकट आलेले. तरीही दोन इतक्या दूरच्या भाषांत वर्गाला नपुंसकलिंग देण्याचा हा ओढा दिसावा, यावर कोणा तरुण अभ्यासकाने नीट काम करावे असे मला फार वाटते.

आता मार्क ट्वेनच्या त्या मुलीकडे येऊ. मुलगी म्हणजे डास मेडशेन, नपुंसकलिंगी. हा जर्मन भाषेचा सर्वांत बदनाम शब्द. कारण साधे आहे, मूळ शब्द डी मागट, म्हणजे दासी, कुमारी, हा स्त्रीलिंगीच, पण त्याला ‘शेन’ हा लघुत्वाचा प्रत्यय लागला आणि प्रत्ययाने आपले लिंग लादले. आपल्याकडे लेकरू, वासरू, कोकरू, पाखरू, शिंगरू अशी ‘रू’कारान्त मंडळी सगळी नपुंसकलिंगी आहेत. “लेकरू दमलं गं” असे आजी म्हणते तेव्हा ते लेकरू मुलगी आहे की मुलगा, याची तिला पुरती कल्पना असते. नपुंसकलिंगाने लेकराचे काही हिरावले जात नाही, उलट जवळ घेतले जाते.

गोव्यात आणि तळकोकणात तर याहून पुढे जातात. कोकणीत मुलगी म्हणजे चेडूं, आणि ते नपुंसकलिंगी आहे. मालवणीतही ‘ता चेडू’. एवढेच नव्हे, वयाने लहान किंवा आपल्या जवळच्या मुलीचे नाव घेऊनही ‘तें आयलें’ असे सर्रास म्हणतात. घाटावरच्या माणसाला हे प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. जर्मनीत ऱ्हाइन नदीच्या काठाने, कोलोनच्या आसपासच्या बोलींत आणि शेजारच्या लक्झेम्बुर्गच्या भाषेतही बायकांची नावे अशीच नपुंसकलिंगात घेतात. घरातली, ओळखीतली मारी ‘ते मारी’ असते. परकी, मानाची बाई मात्र ‘ती’. म्हणजे कोकणच्या किनाऱ्यावर आणि ऱ्हाइनच्या काठावर, एकमेकांशी काही संबंध नसताना, लोकांनी नपुंसकलिंग हे जवळिकीचे लिंग ठरवले. यात बाईला वस्तू ठरवणे आहे का, हा प्रश्न तिथल्या अभ्यासकांनीही विचारला आहे आणि तो रास्त आहे. जवळीक आणि कमीपणा यांतली भिंत सगळ्याच समाजांत पातळ असते. प्रमाण जर्मनमधला ‘डास वाइब’ हा बाईसाठीचा जुना शब्द आज तुच्छतेचाच वाटतो, आणि अविवाहितेसाठीचा ‘फ्रॉइलाइन’ही आता सभ्य बोलण्यातून गेला आहे.

लिंगामागे काही अर्थ आहे असे मानणारा मोठा पंडित म्हणजे याकोब ग्रिम, परीकथा गोळा करणाऱ्या दोघा भावांतला थोरला. त्याच्या जर्मन व्याकरणाचा तिसरा खंड 1831 साली आला. मोल्सवर्थच्या मराठी कोशाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षी मुंबईत निघाली. ग्रिमचे म्हणणे असे, की आदिम माणसाने वस्तूंकडे कविदृष्टीने पाहिले. मोठे, कणखर, हालचाल करणारे ते पुरुष, आणि लहान, मऊ, सोसणारे ते स्त्री. शतक संपता संपता कार्ल ब्रुगमानने हे खोडून काढले. लिंग हा शब्दाच्या शेवटाचा अपघात आहे, अर्थ लोकांनी मागाहून चिकटवला, असे त्याचे मत. जर्मनपुरता मला ब्रुगमान पटतो. पण ग्रिमला मराठी येत असते तर त्याने आनंदाने टाळी दिली असती. गाडा-गाडी, डबा-डबी, सुरा-सुरी, पळा-पळी, दोर-दोरी : मोठा तो, लहान ती. वस्तूच्या आकारावरून लिंग बदलण्याची ही सोय जर्मनमध्ये नाही. आपल्याकडे ती आजही जिवंत आहे.

शब्दाच्या लिंगाने माणसाचा विचार घडतो, हा दावा मधल्या काळात फार गाजला. जर्मनमध्ये पूल स्त्रीलिंगी म्हणून जर्मन माणसाला तो नाजूक दिसतो आणि स्पॅनिशमध्ये पुल्लिंगी म्हणून तिथल्या माणसाला भक्कम, असे सांगितले जायचे. 2014 मध्ये काही संशोधकांनी त्याच धर्तीचा प्रयोग पुन्हा केला, तर तसा परिणाम आढळला नाही. मला याचे वाईट वाटले नाही. सूर्य स्त्रीलिंगी आणि चंद्र पुल्लिंगी असूनही, डी झोने आणि डेर मोंट, जर्मन माणूस उन्हात आपल्यासारखाच भाजतो.

कवीच्या हातात मात्र लिंग खरोखर काम करते. हाइन्रिश हाइनेची एक छोटी कविता आहे, 1827 च्या ‘बूख डेर लीडर’ या संग्रहात. उत्तरेकडच्या उजाड उंचवट्यावर बर्फाखाली झोपलेला एक सूचिपर्णी वृक्ष, आणि त्याला स्वप्न पडते दूर पूर्वेकडे तापलेल्या कड्यावर एकट्याने झुरणाऱ्या ताडवृक्षाचे. ताड जर्मनमध्ये स्त्रीलिंगी, डी पाल्मे. उत्तरेकडचे ते झाड, फिश्टे, तेही एरवी स्त्रीलिंगीच. जर्मनमध्ये बहुतेक झाडे स्त्रीलिंगी असतात. हाइनेने म्हणून फिश्टे असे न लिहिता ‘फिश्टेनबाउम’ असा सामासिक शब्द घेतला. जर्मन समासात लिंग ठरते शेवटच्या पदावरून, जसे आपल्याकडे देव पुल्लिंगी असला तरी देवघर नपुंसकलिंगी. बाउम म्हणजे झाड, पुल्लिंगी. एवढ्या एका समासामुळे दोन झाडांचा विरह हा प्रियकर-प्रेयसीचा विरह झाला. रशियन कवी लेर्मोंतोव्हने तिचे रूपांतर केले तेव्हा पाइनसाठी घेतलेला शब्द स्त्रीलिंगी होता, ताडही स्त्रीलिंगी. कविता सुंदर झाली, पण प्रेम निघून गेले आणि नुसता एकटेपणा उरला. त्युतचेव्हने देवदाराच्या जातीतला पुल्लिंगी शब्द घेऊन ते प्रेम राखले.

मराठीत काय करावे? देवदार पुल्लिंगी, ठीक. पण ताड तो, माड तो. स्त्रीलिंगी हवी तर पोफळ आहे, पण ती तापल्या कड्यावर चार दिवस जगायची नाही. रखरखीत जमिनीवर उभी राहणारी, खजुराच्या जातीची आणि व्याकरणाने स्त्री अशी एकच सापडते, शिंदी. आणि शिंदी म्हटले की मराठी वाचकाच्या नाकाशी आधी मडक्यातली फेसाळ शिंदी येते. देवदाराला तिचे स्वप्न पडावे, पण ते निराळ्या कारणाने पडल्यासारखे वाटेल. मी हे भाषांतर अजून पुरे केलेले नाही.

कवितेत विरहाचे नाते या व्यवस्थेवर उभे राहते, तर रोजच्या बोलण्यात ‘कोणी कोणाला’ हे नाते उभे राहते. मराठीत विभक्ती नामाच्या मागे चिकटते : माणसाला, भिंतीवर. जर्मनमध्ये नाम बहुधा आहे तसेच राहते आणि विभक्ती त्याच्या पुढच्या उपपदात दिसते. डेर हुंट म्हणजे कुत्रा, कर्ता. डेन हुंट म्हणजे कुत्र्याला, कर्म. डेम हुंट म्हणजे पुन्हा कुत्र्याला, पण काहीतरी देताना. म्हणजे डेर, डेन, डेम हे आपले प्रत्ययच आहेत, फक्त शेपटाऐवजी डोक्यावर बसलेले. लिंग चुकले की चुकीची टोपी बसते. एकच टोपी दोन ठिकाणी वापरतात, हा आणखी घोळ. ‘डेर’ पुल्लिंगी कर्त्याला लागते आणि स्त्रीलिंगी संप्रदानालाही. ‘डेर पात्सिएंट’ म्हणजे रुग्ण, पुरुष, काही करणारा. ‘डेर पात्सिएंटिन’ म्हणजे रुग्ण बाईला. दोन खाटांच्या खोलीत एक बाई आणि एक पुरुष असा प्रकार सहसा नसतो, पण घरी जाऊन म्हाताऱ्या जोडप्याची सेवा करणाऱ्या परिचारिकेला ‘इम’ म्हणजे त्याला आणि ‘इअर’ म्हणजे तिला, यांतला फरक गोळी देण्याआधी कळलेला बरा.

मराठी माणसाला इथे एक जमेची बाजू आहे. आपल्या ‘ती’वर दुहेरी भार आहे, ती मुलगी आणि ती मुले. एक स्त्रीलिंगी एकवचन, एक नपुंसकलिंगी अनेकवचन. आपण संदर्भाने ओळखतो आणि कधी अडत नाही. जर्मनमध्ये ‘डी’वर असाच भार आहे, स्त्रीलिंगी एकवचन आणि तिन्ही लिंगांचे अनेकवचन. अनेकवचनात जर्मन लिंगभेद पार मिटतो. आपल्यासारखे ते आंबे, त्या चिंचा, ती केळी असे तिथे करावे लागत नाही. त्या बाबतीत मराठीच अवघड.

म्हणून वर्गावर्गांतून दिसणारी ती तीन रंगांची वही मला फारशी मानवत नाही. निळ्यात पुल्लिंगी, लाल्यात स्त्रीलिंगी, हिरव्यात नपुंसकलिंगी. पहिले पंधरा दिवस तिचा उपयोग होतो. पुढे मुले रंग आठवत बसतात आणि वाक्य तोंडातच राहते. मराठी मूल ‘वाट स्त्रीलिंगी’ असे कधीच शिकत नाही. ते ‘मोठी वाट’, ‘वाट चुकली’, ‘वाटेत’ असे ऐकत जाते, आणि लिंग त्या सोबतीतून आत जाते. जर्मनमध्ये ही सोबत मिळवण्याची सोपी युक्ती म्हणजे ‘माझ्याकडे आहे’ हे वाक्य. ‘एक’ या अर्थाचा ‘आइन’ कर्त्याच्या जागी पुल्लिंगी आणि नपुंसकलिंगी यांतला भेद लपवतो. कर्माच्या जागी मात्र तिन्ही उघडी पडतात. इश हाबे आइनेन हूट, माझ्याकडे टोपी आहे. इश हाबे आइने टाशे, माझ्याकडे पिशवी आहे. इश हाबे आइन बूख, माझ्याकडे पुस्तक आहे. प्रत्येक नवे नाम या वाक्यात बसवून तीनदा मोठ्याने म्हणायचे, आणि मराठीतले लिंग मध्ये येऊ द्यायचे नाही. घर आणि पुस्तक दोन्हीकडे नपुंसकलिंगी आहेत, भाषा दोन्हीकडे स्त्रीलिंगी आहे. असे योगायोग फार घातक, कारण त्यांच्यामुळे पुढच्या शब्दालाही आपण मराठीच लावून पाहतो, आणि देश म्हणजे डास लांड, प्रेम म्हणजे डी लीबे निघते.

बाहेरून आलेल्या शब्दांना लिंग देताना मराठी आणि जर्मन एकाच रीतीने वागतात : जवळचा जुना शब्द शोधायचा आणि त्याच्या घरात पाहुण्याला ठेवायचे. आपण बस गाडीच्या ओळखीने स्त्रीलिंगी केली. जर्मनांनी ईमेल टपालाच्या म्हणजे डी पोस्टच्या ओळखीने स्त्रीलिंगी केली, पण ऑस्ट्रियात आणि स्वित्झर्लंडमध्ये अनेक जण तिला डास म्हणतात. कोला जर्मनीत डी, ऑस्ट्रियात डास. दही, योगुर्ट, जर्मनीत बहुधा डेर, ऑस्ट्रियात डास. आपल्याकडे पुण्यात मजा आली आणि नागपुरात मजा आला. मराठीत ‘वेळ झाला’ आणि ‘वेळ आली’ यांत अर्थच बदलतो, हार घातला आणि हार झाली यांत तर दोन वेगळेच शब्द आहेत. जर्मनमध्ये डेर झे म्हणजे सरोवर आणि डी झे म्हणजे समुद्र.

बाडेन-व्युर्टेमबेर्गला जाणाऱ्या मुलींना मी शेवटच्या दिवशी लोण्याची गोष्ट सांगतो. पुस्तकात ती डी बुटर शिकलेली असते, परीक्षेतही तेच लिहायचे. स्टुटगार्टच्या बाजूला मात्र श्वाबियन बोलीत लोणी पुल्लिंगी आहे, आणि न्याहारीच्या वेळी एखादा आजोबा ‘डेर बुटर’ मागेल. त्याला दुरुस्त करायचे नाही.